‘करमत नाही’ : निवृत्त मनुष्य आणि मराठी नाटक

१

मराठी नाटकात म्हातारी माणसे पुष्कळ आहेत. निवृत्त माणसे मात्र थोडी आहेत. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याचा खुलासा आरंभीच केला पाहिजे. वार्धक्य ही शरीराची अवस्था आहे व ती सर्व काळी, सर्व समाजांत आढळते. निवृत्ती ही त्यामानाने अलीकडची आणि व्यवस्थेने निर्माण केलेली अवस्था आहे. एका ठराविक तारखेस, हातपाय धड असताना, कालपर्यंत जे काम आपले होते ते आज आपले नाही, असे मनुष्यास सांगितले जाते. या घटनेतून जे प्रश्न उद्भवतात ते वार्धक्याच्या प्रश्नांहून भिन्न आहेत. औषधपाणी, मुलांचे वागणे, मृत्यूचे भय हे वार्धक्याचे प्रश्न होत. सकाळी उठल्यावर करावयाचे काय, हा निवृत्तीचा प्रश्न होय.

या प्रश्नास मराठी नाटकाने काय उत्तर दिले, आणि ते देताना मराठी भाषेने त्याच्या हाती कोणती शब्दसामग्री ठेवली होती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. नाटकाची निवड सहेतुक आहे. कादंबरीत लेखक स्वतः बोलू शकतो. नाटकात पात्रांना बोलावे लागते. म्हणून ज्यास काम उरले नाही तो मनुष्य बोलतो कसे आणि कोणाशी, हे पाहण्यास नाटकासारखे दुसरे साधन नाही.

२

प्रथम शब्दांकडे वळू. ‘निवृत्ती’ हा शब्द कचेरीत जन्मलेला नाही. प्रवृत्ती आणि निवृत्ती हे आपल्या तत्त्वविचारातील जुने द्वंद्व आहे. ज्ञानदेवांचे वडीलबंधू आणि गुरू यांचे नावच निवृत्तिनाथ होते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच द्वंद्वाचा ऊहापोह करून कर्मयोगाचा पक्ष मांडला. या परंपरेत निवृत्ती म्हणजे कर्मापासून परत फिरणे. परंतु परत फिरणारा आपण होऊन फिरतो, आणि कशाकडे फिरावयाचे ते त्यास ठाऊक असते.

शासनव्यवहाराच्या मराठीने हा शब्द उचलला आणि त्यास ‘सेवा’ जोडली. ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ हा शब्दप्रयोग प्रत्येक कर्मचाऱ्याच्या परिचयाचा आहे. १९८२ च्या नियमांनी ‘निवृत्तिवेतन’ही आपल्या नित्याच्या वापरात पक्के केले. येथे अर्थाचा मोठा पालट झाला आहे. ‘नियत’ या विशेषणाने कर्त्याची इच्छा काढून घेतली. ‘सेवा’ हा शब्द देवाच्या, गुरूच्या आणि सरकारच्या चाकरीस सारखाच लागत असल्याने तिच्यातून मुक्त होणे ही सुटका मानावी की वियोग मानावा, हे संदिग्ध राहिले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, जुन्या निवृत्तीस जे गंतव्य होते ते नव्या निवृत्तीस उरले नाही. शब्द संन्याशाचा आणि माणूस संसारी, असा हा विसंवाद आहे.

पेन्शनीत निघालेल्या मनुष्याने जे करावयाचे त्यास मराठीत काय म्हणतात? ‘छंद’ हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. तो संस्कृतात वृत्ताचाही वाचक आहे आणि इच्छेचाही. मराठीत इच्छेचा अर्थ बळावला, आणि त्यावर हट्टाची व स्वैरपणाची छाया पडली. मूल ‘छंद घेते’ तेव्हा ते ऐकत नाही. ‘छंदीफंदी’ मनुष्य तर भल्यांच्या घरी नकोसाच असतो. ‘नाद’ या शब्दाची गत याहून वाईट झाली. ज्यास नाद लागला तो कामातून गेला असे समजावे. ‘हौस’ आणि ‘शौक’ हे अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले शब्द त्यामानाने प्रसन्न आहेत. पण हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो तेव्हा तिला हिशेबाबाहेर काढूनच म्हणतो. ‘करमणूक’ या शब्दास हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकाचे नाव करून प्रतिष्ठा दिली खरी. तथापि करमणूक घेणारा मनुष्य प्रेक्षक अगर वाचक असतो, कर्ता नसतो. ‘विरंगुळा’ हा शब्द गोड आहे, परंतु ज्याच्यापासून मन काढून घ्यावयाचे ते काम अगोदर असले पाहिजे हे तो गृहीत धरतो. ज्यास कामच नाही त्यास विरंगुळा तरी कशापासून?

रिकाम्या माणसाविषयी आपल्या म्हणी तर निर्दय आहेत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. परोपकारी मनुष्य घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. ‘उद्योग’ या भारदस्त शब्दामागे ‘नसता’ हे विशेषण लागले की त्याची थट्टा होते. तात्पर्य, पोटासाठी नसलेले काम एक तर लाडाचे असते किंवा हास्यास्पद असते, असा आपल्या बोलीचा कल आहे.

या सर्व शब्दांपासून एक शब्द दूर उभा आहे. तो म्हणजे ‘व्यासंग’. त्यात ‘संग’ आहे, आसक्तीही आहे, पण ही आसक्ती मनुष्यास वाया घालवीत नाही. छंद जोपासला जातो, तर व्यासंग केला जातो, वाढविला जातो, आणि तो किती खोल आहे हे दुसरा मनुष्य पारखू शकतो. छंदास साक्षीदार लागत नाही, व्यासंगास लागतो. दुर्दैवाने मराठीने हा शब्द जवळजवळ संपूर्णपणे ग्रंथ वाचणाऱ्यांच्या स्वाधीन केला आहे. बागेचा, सुतारकामाचा अगर मागाचा व्यासंग असे आपण सहसा म्हणत नाही. या संकोचाचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

३

आता ज्या क्रियापदावरून या लेखास नाव दिले त्याचा विचार करू. ‘करमणे’ हे क्रियापद होकारी रूपात चालत नाही असे नाही; परंतु ‘करमत नाही’, ‘करमेना’ ही नकारी रूपेच अधिक ऐकू येतात. त्याची रचना लक्षणीय आहे. ‘मी करमत नाही’ असे होत नाही. ‘मला करमत नाही’ असे होते. अनुभव घेणारा चतुर्थीत जातो, म्हणजे तो क्रियेचा कर्ता राहत नाही. कंटाळा त्याला ‘येतो’, घर त्याला ‘खायला उठते’, वेळ त्याचा ‘जात नाही’. सर्वत्र क्रिया दुसऱ्या कोणाची तरी आहे व मनुष्य ती सोसणारा आहे.

सोलापुरात राहणाऱ्यास हे मराठीचेच वैशिष्ट्य नव्हे याची साक्ष घराबाहेर पडताच मिळते. येथील पेठांतून मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व दखनी उर्दू नित्य कानी पडतात. तेलुगू भाषक म्हणतो, ‘नाकु एमी तोचडम् लेदु’, म्हणजे मला काही सुचत नाही. कन्नड भाषक म्हणतो, ‘ननगे बेसर आगिदे’, म्हणजे मला कंटाळा झाला आहे. ‘नाकु’ आणि ‘ननगे’ ही दोन्ही रूपे आपल्या ‘मला’सारखीच चतुर्थीची आहेत. भिन्न कुळांतील भाषा शेजारी राहून एका रचनेवर कशा येतात, हा भाषाशास्त्राचा प्रसिद्ध विषय आहे व तो येथे विस्ताराने मांडण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते इतकेच ध्यानात ठेवावे की, या प्रदेशात रिकामपण हे मनुष्यावर कोसळणारे संकट म्हणून बोलले जाते. तेलुगूतील ‘सुचत नाही’ ही छटा विशेष मार्मिक आहे. रिकामपणाचे दुःख वेळ उरल्याचे नसून काही न सुचल्याचे आहे, हे त्या एका क्रियापदाने सांगितले आहे.

व्याकरणावरून स्वभाव ठरवू नये, हे अर्थातच मान्य केले पाहिजे. चतुर्थीत बोलणारे सर्व लोक निष्क्रिय असते तर सोलापूरचे माग कधीच चालले नसते. व्याकरण मनुष्यास बांधीत नाही. परंतु लेखक बेसावध असेल तर तयार वाक्य त्याच्या लेखणीत प्रथम येते, इतके मात्र खरे.

४

जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ (१९७३) हे या तयार वाक्याचे सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत दारुण रूप आहे. नाना आणि नानी हे वृद्ध जोडपे घरात एकटे आहे. एक मुलगा परदेशी स्थायिक झाला आहे, दुसरा सैन्यसेवेत आहे व तो पुढे युद्धात मरण पावतो. कोणी अनोळखी मनुष्य दारी आला तरी या घरास सण आल्यासारखे वाटते. अखेर दोघेही आपले जीवन संपवितात.

या नाटकाची चर्चा सामान्यतः मुलांच्या दुराव्याच्या अंगाने होते. त्याच्या संवादांची जात पाहिली तर निराळी गोष्ट दिसते. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली असे दाखवून दिले की, मनुष्याचे पुष्कळसे बोलणे काही कळविण्यासाठी नसते; मी आहे, तू आहेस, आपले नाते चालू आहे, एवढेच ते सांगत असते. ‘काय, जेवलात का?’ हा प्रश्न जेवणाविषयी नसतो. ‘संध्याछाये’तील संवाद बव्हंशी या जातीचे आहेत. दळवींचे सामर्थ्य असे की, त्यांनी या बिनमाहितीच्या बोलण्यावर संपूर्ण नाटक तोलून धरले. नाना-नानी सतत बोलतात, कारण बोलणे थांबले तर घर खायला उठेल.

पण येथेच एक शंका उपस्थित करावीशी वाटते. नानांना काय येत होते? नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांच्या हातांनी व बुद्धीने जे साधले त्याची खूण त्यांच्या दिवसात कोठे आहे? नाटक हा प्रश्न विचारीत नाही. नाना हे केवळ पिता म्हणून उरले आहेत. पुत्र गेले की त्यांचे सर्वस्व गेले. दळवींनी असा मनुष्य रंगविला यात दोष नाही, तशी माणसे आहेत. परंतु पुढच्या प्रेक्षकांनी हा एक मनुष्य म्हणजेच निवृत्त मनुष्य असे मानले, हा दोष टीकेचा आहे. अनेक शहरांतून वृद्धांसाठी ज्या बागा झाल्या त्यांस ‘नाना-नानी उद्यान’ हे नाव मिळाले आहे. हा निव्वळ योगायोग असेल; तथापि त्या बागेतल्या बाकावर बसण्यापलीकडे नाना-नानींकडून आपली फारशी अपेक्षा नाही, एवढे ते नाव सांगते.

वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ (१९७०) याच्या शेजारी ठेवून पाहावे. गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून सन्मानाने निवृत्त होतात, आपली मिळकत मुलांत वाटून टाकतात, आणि मुलाच्या व मुलीच्या घरी क्रमाने अपमानित होऊन पत्नी कावेरीसह रस्त्यावर येतात. शेक्सपियरच्या ‘किंग लियर’शी असलेले नाते उघड असल्यामुळे टीकाकारांनी कृतघ्न संततीची शोकांतिका म्हणून या नाटकाचे वाचन केले. ते चूक नाही, अपुरे आहे. लियर राज्य देतो. बेलवलकर घर आणि पैसा देतात. पण घर देण्यापूर्वी त्यांनी आणखी एक वस्तू टाकून दिली आहे, आणि ती म्हणजे प्रेक्षक. शोकांतिकेचा आरंभ मृत्युपत्रात शोधण्याऐवजी सत्कारसमारंभात शोधला पाहिजे.

असे वाचल्यास नाटकातील पुष्कळ गोष्टी आपल्या जागी बसतात. बेलवलकर मुलाच्या घरी नातीशी, ठमीशी, रमतात. कारण ती त्यांचे ऐकते. तेथील कलह तिच्यावर होणाऱ्या त्यांच्या संस्कारांवरूनच पेटतो, आणि हा कलह वरवर शिस्तीचा असला तरी आतून एका कलावंताचा उरलेला एकमेव श्रोता काढून घेण्याचा आहे. जुन्या भूमिकांच्या भाषेत बोलण्याची त्यांची सवय हे वेड नव्हे. जी भाषा त्यांस पक्की अवगत आहे तीच ते बोलतात, परंतु ती ऐकण्यास घरात कोणी नाही. पुढे सर्वस्व गेल्यावर बूटपॉलिश करणारा राजा त्यांस भेटतो. आसऱ्याबरोबर तो त्यांस कानही देतो, आणि बेलवलकरांचा आवाज पुन्हा भरतो. पोटच्या मुलांनी अन्न दिले पण ऐकले नाही. परक्या मुलाने ऐकले. या दृष्टीने पाहता ‘नटसम्राट’ हे मराठीतील निवृत्तीवरचे खरे नाटक ठरते. निवृत्त मनुष्यास वेळ घालविण्याचे साधन नको असते. आपल्याजवळ जे आहे ते घेणारा कोणी तरी हवा असतो, असा त्याचा आशय आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) या नाटकातील काकाजी हे या दोघांच्या अगोदरचे. इंदूरच्या संस्थानी वातावरणात मुरलेला हा वृद्ध रसिक शौकाचा मूर्तिमंत पुतळा आहे, आणि आचार्यांच्या रुक्ष त्यागापुढे त्याची रसिकता लेखकाने मोठ्या प्रेमाने उभी केली आहे. मात्र काकाजींचे उदाहरण आपल्या कामी येत नाही. नोकरीच्या घड्याळाशी ज्याचा कधी संबंधच आला नाही, त्याचा शौक निवृत्तीने थांबणार नाही व सुरूही होणार नाही. मराठी मध्यमवर्गाने काकाजींवर जीव टाकला. त्यांचा जमाना मात्र त्यास मिळण्यासारखा नव्हता. अलीकडे प्रशांत दळवी यांनी ‘संज्या छाया’ (२०२२) या नाटकाच्या नावातूनच जुन्या नाटकाकडे मिस्कीलपणे पाहिले आहे. पन्नास वर्षांनी का होईना, त्या शोकास कोणी उलट प्रश्न विचारला, ही समाधानाची गोष्ट होय.

५

नाटकास संघर्ष हवा असतो. सुखाने बाग शिंपणाऱ्या पेन्शनराचे नाटक कसे होणार, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप विचारार्ह आहे, पण व्यासंगाचे आयुष्य संघर्षहीन असते हे त्यातील गृहीत खरे नाही. दोन चरित्रे पाहू.

धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी दीर्घकाळ नियत वयोमान म्हणून जो आकडा राहिला, तोच हा आकडा होय. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९४४ साली समता संघ काढला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला व १९६२ साली ते निवर्तले. निवृत्तीनंतरचे त्यांचे आयुष्य जवळजवळ अर्ध्या शतकाचे भरते.

दुसरे चरित्र दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर देवळालीस शाळाशिक्षक होते व १९६२ साली निवृत्त झाले. संख्यांशी खेळणे हा त्यांचा जन्माचा ध्यास. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती करीत जावे. सातापेक्षा अधिक पायऱ्या न लागता ६१७४ ही संख्या येते व तेथेच थांबते. हा शोध त्यांनी १९४९ साली मांडला. व्यावसायिक गणितज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यावर लिहिले आणि कापरेकरांचे नाव जगभर झाले. तेव्हा त्यांस निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. त्या वर्षांत पेन्शन तुटपुंजे म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या, पण संख्या सोडल्या नाहीत. १९८६ साली ते वारले. लोकांनी ज्यास नाद म्हटले असेल तो व्यासंग होता, हे ठरावयास एका दूरच्या वाचकाची वाट पाहावी लागली. या प्रतीक्षेत नाटक नाही असे कोण म्हणेल?

कर्व्यांचे जीवन तर रंगभूमीवर आलेही. वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ (१९७२) हे कर्वे व आनंदीबाई यांच्या जीवनावरून स्फुरलेले नाटक आहे. त्याचा भर नानासाहेब भानूंच्या कार्यापेक्षा त्या कार्याची किंमत मोजणाऱ्या बयोवर आहे, आणि हे कानेटकरांनी योग्यच केले. कारण येथे आपल्या विषयाची दुसरी बाजू उघडी पडते.

६

निवृत्त होतो तो पुरुष. मराठी नाटकातील वृद्ध स्त्री निवृत्त होतच नाही. नानी, कावेरी, बयो या तिघींच्याही हातचे काम कोणत्याही नियत वयोमानास संपत नाही. नानांना दिवस खायला उठतो तेव्हा नानींपुढे चूल असते. ही चूल हे तिचे भाग्य आहे असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण नाटककारांनी तिच्याकडे काम म्हणून पाहिलेच नाही, हीही एक त्रुटी आहे. आनंदीबाई कर्वे यांनी १९४४ साली ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. उतारवयात स्त्रीने आपल्या आयुष्यास शब्द दिले, हा व्यासंग नव्हे तर काय? मात्र तिच्या पुस्तकासही ‘पुराण’ हे नाव विनयाने घ्यावे लागले. मराठीत ‘पुराण लावणे’ म्हणजे कंटाळवाणे बोलत राहणे.

स्त्रीप्रमाणेच श्रमजीवी मनुष्यही या शब्दसृष्टीच्या बाहेर राहिला आहे. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. जुनी मिल म्हणून ती ओळखली जाते. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या झाल्या आणि कालांतराने एकामागून एक बंद पडल्या. भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवे व मावळे, त्यांपैकी कित्येकांचा भोंगा नियत वयापूर्वीच थांबला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात मुंबईच्या गिरणगावातील अशा घराचे चित्र आले आहे. १९८२ च्या संपानंतरचे ते जग आहे. तेथे निवृत्ती आणि बेकारी यांतील सीमारेषाच पुसली गेली आहे. कारकुनास निवृत्ती मिळते, कामगाराचे काम जाते. क्रियापदांतील हा फरक बोलका आहे.

उलटपक्षी, ज्या घरात स्वतःचा माग आहे तेथे निवृत्तीची तारीखच नसते. थकलेला विणकर मागावरून उठला तरी कांड्या भरावयास बसतो, सूत जोखतो, नातवाची चूक दुरून आवाजावरून ओळखतो. त्याचे काम हलके होत जाते, तुटत नाही. या मनुष्यास छंद काय असे विचारले तर तो बहुधा हसेल. परंतु मागाच्या खटक्यावरून दोष सांगणारे ते ज्ञान व्यासंगाच्या कोणत्याही कसोटीस उतरेल. त्यास ते नाव आपण दिलेले नाही, एवढेच. ही व्यवस्था आदर्श आहे असेही समजू नये. पुष्कळदा म्हातारपणीही त्यास बसणे परवडत नाही म्हणून तो बसतो. तथापि उतरणीवर पायऱ्या असाव्यात, कडा नसावा, हा धडा पेन्शनरांच्या जगाने त्याच्याकडून घेण्यासारखा आहे.

७

विवेचनाचा समारोप करताना निर्णय स्पष्ट सांगितला पाहिजे. मराठी नाटकाने वृद्धाचे दुःख उत्तम रीतीने दाखविले, पण त्याचा दिवस दाखविला नाही. तयार शब्दांनी त्यास एकीकडे विरंगुळा व दुसरीकडे वियोग एवढ्याच वाटा दाखविल्या. ‘संध्याछाया’ या सीमेच्या आत राहून थोर ठरले. ‘नटसम्राट’ने ती सीमा ओलांडली, पण आपल्या टीकेने त्यास पुन्हा कृतघ्न मुलांच्या कथेत आणून बसविले. निवृत्तीचा प्रश्न श्रोत्याचा प्रश्न आहे, हे या नाटकाचे सांगणे आपण पुरते ऐकलेले नाही.

ते ऐकावयाचे तर भाषेच्या अभ्यासकांस एक काम समोर दिसते. गिरण्यांबरोबर त्यांची बोलीही चालली आहे. मागास ‘साचा’ म्हणणारे, ‘बदली’ आणि ‘पाळी’ या साध्या शब्दांत आयुष्याचे चढउतार सांगणारे, जॉबरच्या हुकमातील मराठी, तेलुगू व कन्नडची सरमिसळ अजूनही जशीच्या तशी बोलून दाखविणारे लोक या शहरात हयात आहेत. त्यांच्यापाशी जे शब्द आहेत ते कोणत्याही कोशात पुरते आलेले नाहीत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. निवृत्त शिक्षकांनी व कारकुनांनी, ज्यांचे अक्षर चांगले आणि सकाळ मोकळी आहे, या संग्रहाचे लेखनिक व्हावे. सांगणाऱ्यास श्रोता मिळेल, लिहिणाऱ्यास दिनक्रम मिळेल, आणि शास्त्रास सामग्री मिळेल. यात कोणावरही उपकार नाही. तिघांचीही गरज खरी आहे.

‘व्यासंग’ हा शब्द ग्रंथालयाबाहेर आणण्याचा याहून सोपा मार्ग दिसत नाही. शब्द कोशात रुंद होत नसतात. ज्या माणसांस ते लागत नव्हते त्यांस ते लावले गेले म्हणजे रुंद होतात.